पाडवा, शके १९४२

मराठी कॅसेटचा धंदा पंचांगावर चालायचा. आषाढीच्या आधी अभंग, श्रावणात गणपतीची गाणी, ती उतरताहेत तोवर देवीची, दिवाळीला भावगीतं, लग्नसराईच्या तोंडावर हळदीची आणि कोळीगीतं, एप्रिलात भीमगीतं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की दोन-तीन दुकानांतून एकाच वेळी वेगवेगळी गाणी अंगावर यायची, आणि त्या गलक्यातून कुठला सण जवळ आलाय ते आपोआप कळायचं.

त्यातल्या एका दुकानाचे मालक आमच्याच इमारतीत तळमजल्याला राहायचे. सगळी पोरं त्यांना काका म्हणायची. गाणं चांगलं असून भागत नाही, ते वेळेवर यावं लागतं, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. गणपतीची कॅसेट चतुर्थीच्या तीन-चार आठवडे आधी दुकानात आली तर ती दिवसभर वाजते. जाता-येता लोकांच्या कानावर पडते, मंडळाची पोरं येऊन घेऊन जातात, मांडवात लागते, आणि मांडवात लागली की आजूबाजूच्या घरांतून मागणी येते. तीच कॅसेट चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचली तर तोवर मंडळांची खरेदी उरकलेली असते. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष. त्या पंधरवड्यात लोक नवीन काही घेत नाहीत, गणपतीचं गाणं तर नाहीच नाही. काका उरलेला माल खोक्यात भरून वितरकाकडे परत पाठवायचे आणि तेवढी रक्कम पुढच्या बिलातून वळती व्हायची. जांभळी नाक्यावर दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूला जो भाव असतो तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नसतो, फूल तेच असलं तरी.

त्यात अधिक महिना आला की सगळी गणितं नव्याने मांडावी लागत. २००३ साली गणपती ३१ ऑगस्टला आले होते, २००४ साली अधिक श्रावणामुळे १८ सप्टेंबरला. आदल्या वर्षीच्या सवयीने ज्याने जुलैअखेर माल उतरवला, त्याची कॅसेट चतुर्थीपर्यंत दुकानात शिळी होणार. दर्शनी फळीवर तोवर दुसऱ्या कुणाची तरी लागणार. उलट गणपती लवकर आले, २००१ सारखे २२ ऑगस्टला, तर स्टुडिओ, डबिंग, इन्ले कार्डाची (कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाची) छपाई, सगळ्यांचीच धांदल. चार दिवस कुठे अडकले की वर्ष गेलं. काकांना गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे. पण कुठली कॅसेट का पडली याचं त्यांचं निदान बहुतेक वेळा तारखेपाशी येऊन थांबायचं.

अमेरिकेत पंचांग नसलं तरी वार ठरलेला असे. तिथे कित्येक वर्षं नवे अल्बम मंगळवारी बाजारात येत. २००१ साली ११ सप्टेंबरला मंगळवार होता.

त्या सकाळी जे अल्बम दुकानांत लागले त्यांची नुसती नावं वाचली तरी कसंतरी होतं. बॉब डिलनचा ‘लव्ह अँड थेफ्ट’. जे-झीचा ‘द ब्लूप्रिंट’. मरायाह कॅरीचा ‘ग्लिटर’. स्लेयर या मेटल बँडचा ‘गॉड हेट्स अस ऑल’. ड्रीम थिएटर या बँडच्या न्यूयॉर्कमधल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी आलं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर न्यूयॉर्कची ज्वाळांमध्ये दिसणारी आकाशरेषा होती, जुळ्या मनोऱ्यांसकट. चित्र कितीतरी आधी काढून झालेलं. कंपनीला तो अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला आणि नवं मुखपृष्ठ लावून पुन्हा आणावा लागला. द कूप नावाच्या हिपहॉप गटाचा अल्बम तर अजून यायचाच होता. त्यांच्या तयार मुखपृष्ठावर त्या मनोऱ्यांचा स्फोटच दाखवलेला होता. ते बदललं आणि अल्बम नोव्हेंबरवर गेला. द स्ट्रोक्स या न्यूयॉर्कच्याच बँडच्या पहिल्या अल्बमचं अमेरिकेतलं प्रकाशन पुढे ढकललं गेलं आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांवरचं एक गाणं त्यातून काढलं. ज्या पोलिसांची माणसं त्या ढिगाऱ्याखाली गेली होती त्यांना नावं ठेवणारं गाणं तेव्हा कोण ऐकणार, आणि ते ऐकवणं योग्य तरी होतं का?

एवढी माणसं गेली त्या दिवशी अल्बमच्या खपाचं बोलणं काहींना खुपेल. मला ते रास्त वाटतं, पण तरी बोलायला हवं असंही वाटतं. कारण गाणी करणारी माणसंही त्या दिवसात सापडली होती, आणि त्यांच्या दोन-दोन वर्षांच्या कामाचं काय झालं हा प्रश्न उरतोच.

पहिल्या आठवड्याला इतकं महत्त्व का, हे थोडं सविस्तर सांगते. अल्बमच्या जाहिरातीचा पैसा आधीच ठरलेला असतो आणि तो प्रकाशनाच्या आसपास एकदाच खर्च होतो. टीव्हीवरच्या मुलाखती, रेडिओ, मासिकांतली परीक्षणं, दुकानातली मोक्याची जागा, सगळं त्या दोन आठवड्यांसाठी जमवून आणलेलं. पहिल्या आठवड्याच्या खपावर अल्बम यादीत वर येतो, वर आला म्हणून दुकानदार आणखी माल मागवतो, माल पुढे दिसतो म्हणून आणखी खपतो. हे चाक एकदा फिरलं की फिरत राहतं. फिरलंच नाही तर कंपनी पुढच्या अल्बमकडे वळते, कारण पुढच्या मंगळवारी दुसरं कुणीतरी रांगेत उभं असतं. ११ सप्टेंबरनंतर टीव्हीवर कित्येक दिवस बातम्यांखेरीज काही नव्हतं. ज्या मुलाखती व्हायच्या होत्या त्या झाल्याच नाहीत, आणि महिनाभराने त्यांचा उपयोगही नव्हता.

‘ग्लिटर’चा पहिल्या आठवड्यातला खप होता सुमारे १ लाख १६ हजार प्रती. मरायाह कॅरीच्या मानाने तो फारच कमी. त्याच दिवशी आलेला ‘द ब्लूप्रिंट’ मात्र त्याच आठवड्यात ४ लाखांहून जास्त खपला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणून ‘तारखेचं निमित्त सांगू नका, चांगलं असतं तर चाललं असतं’ असं म्हणणारे लोक या दोन आकड्यांकडे बोट दाखवतात. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. ‘ग्लिटर’ अगोदरच अडखळलेला होता. जुलैमध्ये मरायाह आजारी पडून रुग्णालयात होती, म्हणून अल्बम ऑगस्टवरून सप्टेंबरवर ढकलला होता. ज्या चित्रपटाची ही गाणी, तो दहा दिवसांनी आला आणि समीक्षकांनी त्याची पार धूळधाण केली. म्हणजे तारीख बरी असती तरी हा अल्बम दणक्यात गेला असता असं मी म्हणणार नाही.

पण पुढचं बघा. नव्या कंपनीशी तिचा करार सुमारे ८ कोटी डॉलरचा असल्याचं सांगितलं जायचं. तो कंपनीने २००२ च्या सुरुवातीला मोडला, आणि मोडताना तिला २ कोटी ८० लाख डॉलर दिले. २००५ साली तिचा ‘द इमॅन्सिपेशन ऑफ मिमी’ आला आणि तो त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. २०१८ च्या नोव्हेंबरात चाहत्यांनी मोहीम काढून तोच पडलेला ‘ग्लिटर’ आयट्यून्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवला. वाईट तारखेतून ती सावरली, कारण सावरायला तिच्याकडे पैसा होता, नाव होतं आणि वाट बघणारे लोक होते. माझं म्हणणं एवढंच आहे की वाईट तारीख कुणावरही येते, पण तिचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याजवळ दुसरा आठवडा काढण्यापुरतं काही नसतं, त्याला ती मुळासकट उपटते.

हे मी लांबच्या गोष्टींवरून म्हणत नाही. मी ठाण्यात कार्यक्रमांचं निवेदन करते, आणि ज्यांच्यामुळे हे सगळं मनात घर करून बसलं ते दादा नौपाड्यात राहतात. हार्मोनियम वाजवतात, घरी मुलांना शिकवतात, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत साथीला बसले. चाली मात्र स्वतःच्या लावून ठेवलेल्या. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी ठरवलं की आता आपला अल्बम करायचा, आणि तो चैत्राच्या गाण्यांचा. पालवी, चैत्रगौर, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, आंब्याची डाळ, उन्हात वाळत घातलेल्या कुरडया, कोकणातल्या देवळातला पालखीचा रात्रीचा ढोल. आठ गाणी. शब्द त्यांच्या एका कवीमित्राचे. चैत्रावर आपल्याकडे वेगळा अल्बम निघत नाही, सगळे पावसावर आणि गणपतीवर काढतात, त्यामुळे जागा मोकळी आहे, हे त्यांचं म्हणणं मला पटलं होतं आणि अजूनही पटतं.

एक मुदत ठेव मोडली. स्टुडिओच्या शिफ्ट रात्रीच्या घेतल्या, कारण त्या स्वस्त पडतात. तबला, बासरी, व्हायोलिन, कोरसला त्यांच्याच क्लासमधल्या मुली. सीडी आता कोणी घेत नाही, म्हणून पेन ड्राइव्ह करायचे ठरले: पुठ्ठ्याचं छोटं पाकीट, त्यावर गुढीचं चित्र, आत आठही गाण्यांचे शब्द बारीक टायपात. निमंत्रणपत्रिका मी लिहून दिली. ‘गुढीपाडवा, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर’ अशी वरची ओळ दादांनी मुद्दाम घालायला लावली, इंग्रजी तारीख खाली बारीक अक्षरात. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना दादांच्या घरी काकूंनी हळदीकुंकू लावलं होतं. सकाळी स्वागतयात्रा संपली की लोक नटूनथटून तलावपाळीवर रेंगाळलेले असतात. त्याच लोकांना संध्याकाळी नाट्यगृहात बोलवायचं, कार्यक्रम विनामूल्य ठेवायचा, आणि बाहेर पडताना टेबलावर पेन ड्राइव्ह. एक पतपेढी आणि एक सराफ असे दोन प्रायोजक तोंडी तयार होते. ठाण्यात एका छोट्या अल्बमसाठी याहून चांगला बेत कुणी आखला असता असं मला वाटत नाही. डोंबिवलीने घालून दिलेली स्वागतयात्रेची प्रथा ठाण्यानेही इतकी मनापासून उचलली आहे की पाडव्याच्या दिवशी इथे गर्दी शोधावी लागत नाही.

शके १९४२ चा पाडवा म्हणजे २५ मार्च २०२०.

मार्चच्या मध्यापासून एकेक गोष्ट गळायला लागली. गर्दीचे कार्यक्रम बंद झाले, स्वागतयात्रा रद्द झाली, नाट्यगृहं बंद झाली. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि त्या रात्रीपासून लोकलही थांबल्या. २४ ला रात्री ८ वाजता पंतप्रधान बोलले आणि मध्यरात्रीपासून देश बंद. गाणी त्याच मध्यरात्री ऑनलाइन येणार होती, वितरकाकडे ती आधीच चढवून ठेवलेली होती. मी दादांना फोन केला, म्हटलं, अजून थांबवता येईल का बघू या. ते म्हणाले, ‘अगं, पाडव्याची गाणी पाडव्याला लावायची नाहीत तर कधी लावायची? लोक घरीच आहेत, ऐकतील.’

लोक घरीच होते, पण त्यांचं लक्ष कुठे होतं ते आपल्या सगळ्यांना आठवतं. पाडव्याच्या सकाळी दूध मिळेल का, भाजीवाले येतील का, पुण्यात अडकलेला मुलगा घरी कसा येणार. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही म्हणून कित्येकांनी घरातल्या घरात काहीबाही करून गुढी उभारली. व्हॉट्सॲपवर काढे आणि अफवा. मी दादांच्या गाण्यांची लिंक जिथे जमेल तिथे पाठवली आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी बातम्यांचा ढीग पडताना बघत राहिले. क्लासमधल्या मुलींच्या घरी गाणी ऐकली गेली, नातेवाइकांत ऐकली गेली. पेन ड्राइव्हची खोकी दादांच्या पलंगाखाली गेली. प्रायोजकांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कार्यक्रमच नाही म्हटल्यावर ते कशाचे पैसे देणार? दादांनी मात्र वादकांचं मानधन पुरतं चुकतं केलं. त्या वर्षी वादकांच्या घरी दुसरा पैसा येत नव्हता, म्हणून ठरल्यापेक्षा आधी केलं.

सणाच्या गाण्यांचं एक बरं असतं, सण पुढच्या वर्षी पुन्हा येतो. आम्ही २०२१ च्या पाडव्याकडे डोळे लावले. तो १३ एप्रिलला होता. त्याच दिवशी रात्री मुख्यमंत्र्यांनी राज्यात नव्याने कडक निर्बंध जाहीर केले. दुसरी लाट तोवर घराघरांत शिरली होती आणि गाण्यांचं नाव काढायची कुणाची मनःस्थिती नव्हती, आमचीही नव्हती.

२०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर निर्बंध उठले. स्वागतयात्रा निघाली, ढोल वाजले, दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं रस्त्यावर आली. आता तरी, असं म्हणून मी प्रायोजकाकडे गेले. त्याने आदराने बसवलं, चहा दिला आणि विचारलं, ‘पण ताई, हा अल्बम तर दोन वर्षांपूर्वीचा आहे ना? नवीन काही आहे का दादांचं?’ वर्तमानपत्रातल्या ओळखीच्या माणसानेही हेच विचारलं. त्यात त्यांचा दोष नाही, नव्या अल्बमची बातमी होते, जुन्याची होत नाही. नवेपणा एकदाच मिळतो, आणि दादांच्या गाण्यांचा नवेपणा बंद दारांआड संपून गेला होता. खरं नुकसान मला तिथे कळलं. पहिल्या अल्बमचे पैसे परत आले असते तर त्यातूनच दुसरा करायचा होता. पावसाच्या गाण्यांच्या चाली तयार होत्या, वहीत नोटेशनसकट. त्या वहीतच राहिल्या. अपयशी अल्बमच्या हिशेबात आपण न खपलेल्या प्रती धरतो. त्याच्यामुळे जो पुढचा अल्बम झालाच नाही, तो कुठल्या खात्यात मांडायचा?

दादांची आठवण काढली की मला २२ नोव्हेंबर १९६३ चा शुक्रवार आठवतो. त्या दिवशी अमेरिकेत फिल स्पेक्टर या निर्मात्याचा नाताळच्या गाण्यांचा अल्बम बाजारात आला, आणि त्याच दिवशी दुपारी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. नाताळच्या अल्बमला हंगाम असतो जेमतेम पाच आठवड्यांचा, आणि ते पाच आठवडे सगळा देश सुतकात. अल्बम पडला. पण त्याच शुक्रवारी समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये बीटल्सचा दुसरा अल्बम आला आणि तो धो-धो खपला. तारीख तीच, बाजार वेगळा. स्पेक्टरच्या अल्बमचं पुढे भलं झालं. १९७२ साली बीटल्सच्याच कंपनीने तो पुन्हा काढला, आणि आज त्यातली गाणी दर डिसेंबरात पाश्चात्त्य देशांत कानावर पडतात. सण फिरून येतो म्हणून त्या गाण्यांना दरवर्षी एक संधी मिळत गेली. पण ती घेण्यासाठी कुणीतरी अल्बम पुन्हा छापावा लागला, पुन्हा पैसा घालावा लागला. नुसता डिसेंबर आल्याने काही झालं नसतं.

काही अल्बमची तारीख नव्हे, साल चुकतं. आपल्या मुंबईचंच उदाहरण आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंगापूरहून आणलेल्या रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्यातल्याच एका यंत्राच्या चिरक्या, वळसे घेणाऱ्या आवाजावर ‘ॲसिड हाउस’ नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. २०१० साली हॉलंडमधल्या एका संग्राहकाने चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली आणि जगभरातले लोक चकित झाले. ते तेव्हा सत्तरीत होते. त्या वयात त्यांनी युरोपात जाऊन तेच राग पुन्हा वाजवले. २०१५ साली ते गेले.

आणि गायिका रूपा बिस्वास. त्यांचा ‘डिस्को जॅझ’ही १९८२ चाच. कॅनडात कॅलगरीला ध्वनिमुद्रण, सरोदला आशिष खाँ. पण आदल्या वर्षी नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ येऊन गेला होता आणि सगळा बाजार तिने जिंकलेला होता. रूपांच्या अल्बमकडे कुणी बघितलं नाही. त्या संसारात रमल्या. कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाला इंटरनेटवर कळलं की आईची जुनी रेकॉर्ड परदेशात लोक शोधताहेत, भरमसाट किमतीला घेताहेत. २०१९ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने ती पुन्हा काढली. त्यातलं ‘आज शनिवार’ मी दादांना ऐकवलं होतं. सरोद सुरू झाला तसे ते ताठ बसले आणि संपल्यावर म्हणाले, ‘अगं, या बाईंनी पुढे काय काय गायलं असतं!’

अशा गोष्टी सांगून लोक धीर देतात: चांगलं गाणं कधी ना कधी वर येतंच. मला हे वाक्य सहन होत नाही. जी वर आली तीच आपल्याला माहीत आहेत, म्हणून तसं वाटतं. झाँबीज या इंग्रज बँडने १९६७ साली एक सुंदर अल्बम केला. तो १९६८ च्या एप्रिलात आला तेव्हा बँड मोडून चार महिने झाले होते. त्यातलं एक गाणं १९६९ साली अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. गाणं गाजतंय आणि गाणारे आपापल्या वाटांनी गेलेले. मग अमेरिकेत भलत्याच लोकांनी झाँबीज म्हणून कार्यक्रम केले आणि पैसे घेतले. उशिरा आलेलं यश गाण्याला पोचलं, ज्यांना त्याची गरज होती त्यांना वेळेवर पोचलं नाही. चाळीस वर्षांनी मिळालेल्या कौतुकातून मधल्या काळातली गाणी निर्माण होत नाहीत.

आता सगळं ऑनलाइन असतं, दुकानाची फळी नाही, माल परत नाही, मग तारखेचं एवढं काय, असं तरुण मुलं विचारतात. थोडं खरं आहे. गाणं एकदा चढलं की ते तिथे राहतं, दादांची आठही गाणी आजही आहेत. पण ठरावीक वेळेची ती खिडकी नाहीशी झालेली नाही. १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं, म्हणजे सगळेच एका दारातून एका वेळी घुसतात. स्पॉटिफायच्या संपादकांनी गाणं यादीसाठी विचारात घ्यावं असं वाटत असेल तर ते प्रकाशनाच्या आधीच त्यांच्यापुढे ठेवावं लागतं. आलेलं गाणं मागाहून देता येत नाही. आणि २०२४ पासून तिथला नियम असा की वर्षभरात एखादं गाणं हजार वेळाही ऐकलं गेलं नाही तर त्याचं मानधन निघतच नाही. मोठ्या गायकाला हजार हा आकडा दिसतही नाही. ज्याने पाडव्याला एकट्याने आठ गाणी सोडली त्याला प्रत्येक गाण्यामागे हजार कान गोळा करायचे असतात. मोठ्यांनाही एकमेकांचा अडथळा होतोच. २०१५ च्या डिसेंबरात कोल्डप्लेचा अल्बम आला तो ॲडेलच्या दोन आठवडे आधीच आलेल्या अल्बममुळे अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर अडकला. पण दुसरा क्रमांक हे काही संकट नव्हे. आपल्याकडच्या स्वतंत्र गायकाच्या शुक्रवारी एखाद्या मोठ्या हिंदी चित्रपटाचं गाणं आलं, किंवा संध्याकाळी मुंबईची आयपीएलची मॅच असली, तर त्याचं गाणं त्याच्या स्वतःच्या सोसायटीतही पोचत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून दादा पावसाच्या वहीकडे वळलेत. क्लासमधल्या ज्या मुली चैत्राच्या कोरसला होत्या त्यांतली एक आता छान गाते, दोन गाणी तिची असणार आहेत. एवढी वर्षं गेली, त्या मुलीचा आवाज मात्र तेवढ्यात तयार झाला. आमचा वाद चाललाय तो तारखेवरून. रंगायतनच्या बाहेर कट्ट्यावर चहा घेत आम्ही कॅलेंडर उघडून बसतो. दादांना आषाढाचा पहिला दिवस हवाय, कालिदास दिन म्हणून. मी म्हणते, त्या दिवसांत ठाण्यात पाणी भरतं, लोकल उशिरा धावतात, कल्याण-डोंबिवलीहून कोण येणार? त्यापेक्षा ज्येष्ठात एखाद्या शुक्रवारी एकच गाणं सोडू, लोकांच्या कानावर पडू दे, मग महिनाभराने दुसरं, आणि कार्यक्रम श्रावणात. दादांना गाणी अशी सुटी-सुटी करायला नको वाटतं. आठ गाण्यांचा क्रम त्यांनी लावलाय, पहिल्या सरीपासून उघडीपीपर्यंत, आणि तो क्रम मोडला तर अल्बम कसला, हा त्यांचा प्रश्न मलाही अडवतो. अजून ठरलेलं नाही. पैसे मात्र या वेळी दोन भागांत ठेवायचे हे त्यांनी मान्य केलंय, अर्धे प्रकाशनाच्या दिवसासाठी आणि अर्धे तो दिवस वाईट निघाला तर पुढच्यासाठी.